पानाचा चहा: डब्यात बंद, किटलीत मोकळा

चांगला पानाचा चहा हौसेनं आणावा, पहिले चार दिवस घरभर त्याचं कौतुक व्हावं आणि महिना-दीड महिन्यात तोच चहा मचूळ लागावा, असं पुष्कळांच्या बाबतीत होतं. मग विकणाऱ्यानं फसवलं असं वाटतं, नाहीतर पाण्याला बोल लावला जातो. खरा दोषी बहुधा फडताळात उभा असतो: डबा. तो निर्दोष निघालाच, तर पुढचा नंबर घड्याळाचा.

हे नीट कळायचं तर वाळलेलं पान नेमकं काय असतं ते आधी पाहायला हवं. खुडलेलं पान कोमेजू देतात आणि मग वळतात. वळताना पानातल्या पेशी फुटतात, आतला रस बाहेर येतो आणि पानावरच वाळतो. शेवटी भट्टीतून निघालेल्या चहात पाण्याचा अंश साधारण ३ ते ५ टक्के एवढाच उरतो. गरम पाणी पडताच पान भराभर रंग सोडतं ते यामुळेच. पण जी वाट पाण्याला मोकळी, ती हवेलाही मोकळी. चहा साठवणं म्हणजे ही देवाणघेवाण रोखून धरणं, आणि चहा करणं म्हणजे ती हवी तितकीच होऊ देणं. बाकी सगळा तपशील.

हिरवा, काळा, ऊलाँग, पांढरा हे सगळे चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाचे. काळ्या चहात वळलेल्या पानाला हवा खाऊ देतात. पानातलं एन्झाइम आणि हवेतला ऑक्सिजन मिळून कॅटेचिन या जवळजवळ बिनरंगी, तुरट द्रव्यांपासून तांबूस-तपकिरी थिआफ्लेविन आणि थिअरुबिजिन तयार करतात. हिरव्या चहात हे घडूच देत नाहीत. जपानात वाफ देऊन, चीनमध्ये बहुधा तापलेल्या कढईत परतून, खुडल्यावर लवकरच ते एन्झाइम निकामी करतात. ऊलाँग मधल्या टप्प्यावर थांबवलेला, आणि पांढऱ्या चहात पान जवळपास नुसतं सुकवलेलं. साठवणीच्या दृष्टीनं एवढं लक्षात ठेवावं की काळ्या चहाचं हवेशी जे व्हायचं ते बरंचसं कारखान्यातच होऊन गेलेलं असतं. हिरव्याचं अजून व्हायचं असतं. म्हणून हिरवा चहा आधी उतरतो. नीट ठेवला तर त्याची चव सहा महिने ते वर्षभर टिकते आणि पाकीट फोडल्यावर हा काळ आणखी आखडतो. काळा चहा मात्र दीड-दोन वर्षं आरामात धरून राहतो.

डब्यात काय घडतं

सगळ्यात मोठा घात ओलावा करतो. कोरडं पान हवेतला दमटपणा ओढून घेतं, आणि पाण्याचा अंश वाढला की आत थांबलेल्या रासायनिक क्रिया पुन्हा हळूहळू सुरू होतात. पान सादळलं आहे का हे पाहायची एक सोपी रीत आहे. एक पत्ती अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. चांगली असेल तर बारीक आवाज होऊन ती मोडते आणि बोटांना भुगा लागतो. सादळलेली पत्ती मोडत नाही, नुसती वाकते, आणि सोडली की थोडी मागे येते. वाकणाऱ्या पत्तीचा चहा विषारी झालेला नसतो, पण त्याचा वरचा सुगंध बहुधा निघून गेलेला असतो. कुबट वास येत असेल किंवा पांढुरकी बुरशी दिसत असेल, तर मात्र काटकसर न करता टाकून द्यावा.

दुसरा घात वासाचा. तो किती खोलवर जातो हे मोगऱ्याच्या जातीच्या फुलांनी वासवलेल्या चिनी जॅस्मिन चहावरून कळतं. फूच्यौ हे शहर त्यासाठी नावाजलेलं. तिथे दिवसा कळ्या खुडतात. संध्याकाळनंतर त्या उमलू लागल्या की तयार चहात मिसळून रात्रभर ठेवतात. सकाळी फुलं चाळून बाजूला काढतात, पान पुन्हा वाळवतात, कारण फुलांनी वासाबरोबर ओलावाही दिलेला असतो. उंची चहाला असे अनेक फेरे देतात. तयार चहात फूल औषधालाही नसलं तरी चालतं, वास पानातच बसलेला असतो. वूयी डोंगरातला लॅपसाँग सूचाँग तसाच पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. आता हेच पान हिंगाच्या, कॉफीच्या किंवा साबणाच्या शेजारी सैल झाकणाच्या डब्यात ठेवलं तर काय होईल ते सांगायला नको. पान वासांमध्ये निवड करत नाही. म्हणून मसाल्यांचं कपाट चहासाठी वर्ज्य. आधी मसाला ठेवलेला प्लॅस्टिकचा डबा तर कितीही घासला तरी चहासाठी घेऊ नये, प्लॅस्टिक वास सहजासहजी सोडत नाही.

उष्णतेनं सुगंधी तेलं उडून जातात आणि बाकीच्या क्रियांनाही वेग येतो. उजेडानं, विशेषतः हिरव्या चहात, हरितद्रव्य बिघडतं. पोपटी-हिरवी पत्ती मळकट, शेवाळी तपकिरी होत जाते. काचेच्या बरणीत मांडलेला चहा दिसतो छान, आणि तेवढ्यापुरताच तो छान. बरणी बंद कपाटात ठेवणार असाल तर हरकत नाही. आणि शेगडीच्या वरचं फडताळ ही चहा ठेवण्याची सर्वांत वाईट जागा, तिथे ऊब आणि वाफ दोन्ही रोज मिळतात. नेमका तिथेच तो ठेवलेला असतो, कारण हात पोचतो.

डबा कसा असावा? अपारदर्शक, बिनवासाचा, घट्ट झाकणाचा. आत दुसरं झाकण असलेला पत्र्याचा किंवा स्टीलचा डबा उत्तम. फॉइलचं अस्तर असलेली झिपची पिशवीही तितकीच चांगली, किंबहुना एका बाबतीत सरस: चहा कमी होत जाईल तशी हवा दाबून काढता येते. डब्याला ते जमत नाही. अर्धा किलोच्या डब्यात तळाशी मूठभर चहा उरला असेल तर वरची सगळी पोकळी हवेची, आणि प्रत्येक वेळी झाकण उघडलं की ती हवा नवी. म्हणून मोठ्या पाकिटातला चहा आल्या आल्या दोन-तीन भागांत करावा, एक वापरात ठेवावा, बाकीचे हात न लावता बंद राहू द्यावेत. डब्यात ओला चमचा जाऊ नये, आणि उकळत्या भांड्यावर डबा धरून त्यातून थेट चहा ओतू नये, सगळी वाफ डब्यात शिरते.

पत्तीच्या आकाराचाही इथे संबंध येतो. तुकडा जितका बारीक, तितका त्याचा उघडा पृष्ठभाग जास्त. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आसामात आलेल्या सीटीसी यंत्रांनी पान चिरडून, फाडून त्याचे दाणे करायला सुरुवात केली. हे दाणे भराभर रंग देतात, पण उघडे राहिले तर भराभर उतरतातही. अख्ख्या पानाचा चहा दोन्ही बाबतींत सावकाश. घट्ट गोळी वळलेला ऊलाँग तर त्याहून सावकाश, कारण गोळीच्या आतल्या भागापर्यंत हवा पोचायला वेळ लागतो.

फ्रिजचा मोह

थंडीत बिघाड मंदावतो हे खरंच आहे. पण फ्रिजमधून काढलेलं थंडगार पाकीट तसंच उघडलं की खोलीतल्या हवेतली वाफ गार पत्तीवर दवासारखी जमते. रोज सकाळी काढायचं, उघडायचं, परत ठेवायचं, म्हणजे पानाला रोज थोडं पाणी पाजायचं. शिवाय फ्रिजमध्ये वासांची गर्दी असते. म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचा तर फक्त न फोडलेला, हवाबंद पाकिटातला चहा, आणि तोही मुख्यतः हिरवा. बाहेर काढल्यावर काही तास तसाच राहू द्यायचा, पाकीट खोलीइतकं कोमट झालं की मगच कात्री लावायची, आणि एकदा उघडलं की परत आत नाही. काळ्या चहासाठी ही उठाठेव करायची गरज नाही.

ठळक अपवाद म्हणजे चीनच्या युनान प्रांतातला पुअर. हा चहा जुना होऊन बदलावा म्हणूनच ठेवतात आणि त्याला थोडा दमटपणा आणि खेळती हवा लागते. हवाबंद डब्यात कोंडला तर त्याचं मुरणं थांबतं. अर्थात त्यालाही वासापासून दूर ठेवावंच लागतं.

पाण्यात काय उतरतं

चहाचं पान पाण्यात एकदम सगळं सोडत नाही. थिअ‍ॅनिनसारखी अमिनो आम्लं, ज्यांच्यामुळे हिरव्या चहाला गोडसर, भरीव चव येते, ती कोमट पाण्यातही सहज उतरतात. कॅफीन आणि कॅटेचिन यांना गरम पाण्यात जोर येतो, आणि कॅटेचिनांतली जास्त कडू-तुरट असलेली तर बऱ्यापैकी गरम पाणी मागतात. एवढं कळलं की तापमानाचे सगळे नियम पाठ न करता सुचतात. हिरव्या चहात कॅटेचिन शाबूत असतात, म्हणून ७० ते ८० अंशांवर थांबायचं. जपानमधल्या ग्योकुरो या हिरव्या चहात थिअ‍ॅनिन भरपूर, म्हणून त्याला ५० ते ६० अंशच देतात. काळ्या चहात कॅटेचिन बरेचसे बदलून गेलेले, रंग आणि अंग देणारी द्रव्यं गरम पाण्यातच नीट सुटतात, म्हणून त्याला खळखळतं आधण. ऊलाँगला ८५ ते ९५. पांढऱ्याबद्दल जाणकारांतच मतभेद आहेत. ८० ते ८५ पासून सुरुवात करावी, फिकट वाटला तर बिनधास्त वाढवावं.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. उकळत्या पाण्याचे दोन भाग आणि २५ अंशांच्या साध्या पाण्याचा एक भाग मिसळला की ७५ अंश होतात. चारास एक घेतलं तर ८५. साधं पाणी पिण्याजोगं हवं, एवढं पाहावं. नुसतं एका भांड्यातून दुसऱ्या थंड भांड्यात ओतलं तरी पाणी पाच-दहा अंशांनी उतरतं. हीच गोष्ट काळ्या चहाच्या मुळावर येते. जाड चिनी मातीची किटली थंड असेल तर आधणाची धग तीच पिऊन टाकते. म्हणून आधी किटलीत थोडं उकळतं पाणी फिरवून ओतून द्यायचं.

या गरम, रिकाम्या किटलीत पाणी घालण्याआधी पत्ती टाका, झाकण लावा, थोडं थांबा आणि मग झाकण उघडून नाक जवळ न्या. डब्यात न जाणवलेला वास इथे वर येतो. ताजा दार्जिलिंग असेल तर फुलांचा, फळांचा. शिळा असेल तर वाळक्या गवताचा, जुन्या पुठ्ठ्याचा. चहा करण्याआधीच त्याची तब्येत कळते.

उंचावर राहणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशानं खाली येतो. खुद्द दार्जिलिंग शहर २,००० मीटरच्या वर, तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. अशा ठिकाणी काळ्या चहाला मिनिटभर जास्त द्यावं.

चहा किती आणि किती वेळ, हा यापुढचा प्रश्न, आणि इथे बहुतेकांची गल्लत होते. कडक चहा हवा असला की लोक तो जास्त वेळ ठेवतात. वेळ वाढवला की शेवटी-शेवटी उतरणारी तुरट द्रव्यं वाढतात. चहा कडक कमी आणि कडवट जास्त होतो. कडक हवा तर पत्ती वाढवा, वेळ तोच ठेवा. सुरुवात म्हणून २०० मिलिलिटर पाण्याला २ ते ३ ग्रॅम. काळ्याला ३ ते ५ मिनिटं, हिरव्याला दीड ते दोन. चमच्याच्या मापावर विसंबू नये. फुललेल्या पांढऱ्या चहाचा चमचा जेमतेम १ ग्रॅम भरतो, गोळीदार ऊलाँगचा तोच चमचा ३-४ ग्रॅम. छोटा वजनकाटा असेल तर उत्तम, नसेल तर निदान प्रत्येक चहाचा चमचा वेगळा समजावा. आणि वेळ झाली की पत्ती पाण्यातून पूर्ण बाहेर काढावी. अर्धी किटली ओतून उरलेल्या पाण्यात पान तसंच बुडत ठेवलं तर दुसरा कप पिणाऱ्यावर अन्याय होतो.

पानाला जागाही लागते. वाळलेली पत्ती भिजून कित्येक पटींनी फुगते. साखळीच्या छोट्या जाळीदार गोळ्यात दाबून भरलेला चहा मध्यभागी कोरडाच राहू शकतो. रुंद, खोल गाळणी किटलीत किंवा कपात बसवणं कधीही बरं. एखाद वेळी काचेच्या भांड्यात चहा करून पाहा: पत्ती आधी वर तरंगते, कडांपासून रंगाच्या बारीक धारा खाली सुटतात, मग गुंडाळी सुटत सुटत एक-एक पान तळाशी जातं. रंग तळाशी गडद आणि वर फिका राहतो, म्हणून ओतण्याआधी एकदा हलकेच ढवळावं.

चहा करण्याची आंतरराष्ट्रीय पद्धतसुद्धा आहे, आयएसओ ३१०३, पहिल्यांदा १९८० साली आलेली. १०० मिलिलिटरला २ ग्रॅम चहा, उकळतं पाणी, ६ मिनिटं. ही चहा चाखणाऱ्या तज्ज्ञांसाठी आहे. निरनिराळे नमुने एकाच तराजूत यावेत आणि दोष उघडे पडावेत म्हणून मुद्दाम इतकी कडक. घरी तशी केली तर तोंड वाकडं होईल. याच धर्तीच्या ब्रिटिश मानकासाठी, बीएस ६००८ साठी, ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनला १९९९ चं साहित्याचं इग नोबेल, म्हणजे थट्टेचं नोबेल, मिळालं होतं. चहा कसा करावा हे सहा पानांत सांगितलं म्हणून!

तुरटपणा ही खरं तर चव नाही, स्पर्श आहे. चहातली पॉलिफेनॉलं, म्हणजे कॅटेचिनांसारखी तुरट द्रव्यं, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत लागते. दुधानं चहा मऊ लागतो तो यामुळेच. पॉलिफेनॉलं लाळेऐवजी दुधातल्या केसिन या प्रथिनाला जाऊन चिकटतात. मात्र हिरव्या, पांढऱ्या किंवा नाजूक ऊलाँगमध्ये दूध घालणं म्हणजे महागडा सुगंध झाकून टाकणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चांगलं पान एकदाच वापरून टाकू नये. ऊलाँग, पुअर आणि बरेचसे हिरवे चहा दोन-तीन वेळा तरी मजेत निघतात. चिनी गोंगफू पद्धतीत तर १०० मिलिलिटरच्या छोट्या भांड्यात ५ ते ७ ग्रॅम पत्ती घालून दर वेळी काही सेकंदच पाणी ठेवतात आणि असे कितीतरी घाणे काढतात. घाण्यागणिक चव बदलत जाते. ‘पहिलं पाणी अर्ध्या मिनिटात फेकलं की कॅफीन निघून जातं’ असं जे सांगतात, त्यात तथ्य नाही. तेवढ्या वेळात कॅफीनचा थोडासाच भाग उतरतो, आणि त्याच्याबरोबर वासही वाया जातो.

पाणी कसं हवं

पाणी कठीण असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जास्त असतील, तर चहा काळपट दिसतो आणि वर चकाकणारा तवंग येतो. कप हलवला की तो पातळ पापुद्र्यासारखा तडकतो आणि कडेला चिकटतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातले मायकेल स्पायरो आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात याचा पिच्छा पुरवला. हा तवंग तेलाचा किंवा मेणाचा नाही. पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, हवेतला ऑक्सिजन आणि चहातली द्रव्यं मिळून तो होतो. लिंबाचे दोन थेंब पिळले की तो धरत नाही. रंगही झटकन उजळतो, कारण थिअरुबिजिन आम्लात फिकट होतात. उलट टोक म्हणजे जवळपास सगळे क्षार काढून टाकलेलं पाणी. त्यातला चहा सपाट लागतो. मधलं, चवीला गोडं पाणी सर्वांत बरं. पाणी दुसऱ्यांदा उकळलं की त्यातला ऑक्सिजन जातो आणि चहा बिघडतो, ही भीती मात्र अवाजवी आहे. विरघळलेला ऑक्सिजन पहिल्या उकळीलाच बहुतेक निघून गेलेला असतो.

गार पाण्यातला चहा हा आळशांचा आणि चोखंदळांचा, दोघांचाही मित्र. लिटरभर पाण्यात ८ ते १० ग्रॅम पत्ती घालून सहा ते दहा तास फ्रिजमध्ये ठेवायची आणि गाळायची. तुरट द्रव्यं गार पाण्यात कमी उतरतात, त्यामुळे जरा जास्त वेळ राहिला तरी कडवट होत नाही. बाहेर उन्हात किंवा ओट्यावर ठेवून असा चहा करू नये. पानं काही निर्जंतुक नसतात आणि कोमट पाण्यात जंतू वाढायला तेवढे तास पुरतात.

उतरलेला, पण बुरशी न धरलेला हिरवा चहा फेकायची गरज नाही. कोरड्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत, तपकिरी होऊन खमंग वास सुटेपर्यंत भाजावा. जपानी होजिचा हा भाजलेलाच चहा असतो. भाजलेल्या पत्तीला उकळतं पाणीही चालतं, कारण भाजताना तिची तुरटी बरीच कमी झालेली असते.

आणि कडक काळा चहा करून फ्रिजमध्ये ठेवला, तो सकाळी गढूळ दिसला, तर नासला असं समजून ओतून देऊ नका. कॅफीन आणि थिआफ्लेविन गारव्यात एकमेकांना धरून त्यांचे बारीक कण होतात, एवढंच. थोडं उकळतं पाणी घातलं की चहा पुन्हा नितळ होतो.